जुन्याचं वजन किती होतं?

“जुन्याचं वजन किती होतं?”

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका चिंचोळ्या दुकानात काउंटरपलीकडून हा प्रश्न आला आणि मी गप्प झाले. बाकी सगळं पाठ करून गेले होते. व्होल्टेज ३.७, क्षमता १५० एमएएच, दोन तारांची बारीक पिन. खेळण्यातल्या हेलिकॉप्टरच्या जुन्या बॅटरीचे फोटो मोबाइलमध्ये होते, शेजारी पट्टी ठेवून काढलेले. खुद्द बॅटरी मात्र नेली नव्हती. ती पुरीसारखी टम्म फुगली होती आणि तसली वस्तू पर्समध्ये घालून लोकलच्या गर्दीत शिरायला मन धजावलं नाही. दुकानदाराने फोटो मोठे करून बघितले, मान हलवली आणि मग वजनाचं विचारलं. “ताई, टॉर्चची असती तर नसतं विचारलं. ही उडणारी वस्तू आहे. तोलून या, मग देतो.” माझ्यामागे इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टच्या सामानाच्या याद्या घेऊन खोळंबली होती. मी बाजूला झाले. ग्रँट रोडचा जिना चढले, स्लो गाडी पकडली, आणि पार्ल्यापर्यंत तो प्रश्न माझ्या शेजारी बसून आला.

हेलिकॉप्टर आईने घेतलेलं. माझा मुलगा ओजस सहा वर्षांचा झाला तेव्हा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या खेळण्यांच्या गल्लीत ती स्वतः गेली होती, घासाघीस करून आली होती, आणि घरी येऊन पिशवीतून खोका काढताना तिचा चेहरा असा होता की ते नेमकं कोणासाठी आणलंय असा प्रश्न पडावा. तळहाताएवढं, लाल पत्र्याचं अंग, डोक्यावर एकावर एक अशी दोन जोड पाती. वरची एका दिशेने फिरतात, खालची उलट दिशेने, म्हणून ते स्वतःभोवती गरगरत नाही. शेपटीवरचं इवलंसं पातं आकाशाकडे तोंड करून असतं, ते शेपूट उचलतं किंवा दाबतं, तसं हेलिकॉप्टर पुढेमागे जातं. आई गेली त्या वर्षी ते कपाटावर गेलं, ते तीन वर्षं तिथेच राहिलं. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत ओजसने स्टूल लावून खाली काढलं, धूळ पुसली, आणि मला न विचारता चार्जिंगला लावलं. स्वयंपाकघरातून बाहेर आले तर पोटाचा पत्रा थोडा वर उचललेला दिसला. वायर काढली. आत बॅटरी फुगली होती.

या लिथियम पॉलिमरच्या बॅटऱ्यांचं असं असतं की त्यांना उपाशी ठेवून चालत नाही. पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली तिला कधी जाऊ द्यायचं नाही. बराच काळ ठेवायची असेल तर अर्धी भरून, ३.८ च्या आसपास ठेवायची. रिकामी ठेवली तर ती आपली आपणच आणखी उतरत जाते, फार खाली गेली की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि अशा बॅटरीला पुन्हा चार्ज करू गेलं तर आत वायू धरतो. हे सगळं मला आता कळलं. तेव्हा घरात शेवटचं ते कोणी उडवलं, ती भरलेली होती की उतरलेली, हे बघण्याच्या मनःस्थितीत आम्ही कोणीच नव्हतो.

जो तो म्हणाला, नवीन घे. खरंच, नवीन हेलिकॉप्टर काही फार महाग नाही. पण नवीन घ्यायचं नव्हतं.

पहिल्यांदा मी ऑनलाइन मागवली. १५० एमएएचची दिसत होती, शेजारी त्याच व्होल्टेजची ५०० एमएएचची होती, आणि किमतीत फरक चहाच्या दोन कपांचा. जास्त क्षमता म्हणजे जास्त वेळ उडणार, हा साधा हिशेब. सातआठ मिनिटांच्या जागी वीस-पंचवीस मिनिटं मिळतील, पोरगं खूश होईल. यायला दहा दिवस लागले, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला २०१६ पासून जगभर बंदी आहे. ट्रकने आली. खाचेत मावेना, म्हणून ओजसने पोटाखाली रबरबँडने बांधली. पंखा बंद केला, बाबा खुर्ची सरकवून बसले, आणि ओजसने डावी दांडी वर केली. पाती इतकी जोरात फिरली की टेबलावरचं वर्तमानपत्र उडालं. हेलिकॉप्टर तोंड खाली घालून फरशीवर घसटत सोफ्याच्या पायापर्यंत गेलं. खालचे पाय जेमतेम उचलले जायचे, पुन्हा टेकायचे. तिसऱ्या प्रयत्नाला मोटरचा वास यायला लागला. हात लावला तर चटका बसला. ओजस काही बोलला नाही, आणि त्याचं ते न बोलणं मला जास्त लागलं.

बाबा एवढंच म्हणाले, “जड झालंय ते.”

त्या दिवशी मी ते कानाआड केलं. लॅमिंग्टन रोडहून परत आल्यावर दुकानदाराचा प्रश्न त्यांना सांगितला तेव्हा मात्र ते हातातला पेपर ठेवून सरसावून बसले. “बरोबर विचारलं त्याने. आम्हालाही आधी तेच विचारायचे.”

बाबा ओएनजीसीत होते. १९८१ साली लागले, निवृत्त होईपर्यंत ‘मुंबई हाय’ या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर. ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने तिथे १९७४ मध्ये पहिली विहीर खोदली, त्यानंतर समुद्रात लोखंडाचं एक गावच उभं राहिलं, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर. बाबा तिथे कॉम्प्रेसरवर काम करायचे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. माझं लहानपण या चौदाच्या पाढ्यात गेलं. कॅलेंडरवर आई दोन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करायची, आणि माझा वाढदिवस कोणत्या रंगात येतोय ते मी जानेवारीतच बघून ठेवायचे. जाणं-येणं जुहूच्या विमानतळावरून, हेलिकॉप्टरने. आमचं घर पार्ले पश्चिमेला, त्यामुळे हेलिकॉप्टरचा आवाज आमच्याकडे कावळ्याच्या आवाजाइतकाच रोजचा. आई मात्र बाबांच्या जाण्याच्या दिवशी तो आवाज ओळखायची. हातातलं काम थांबवून गॅलरीत यायची, पश्चिमेकडे बघायची, आवाज विरला की आत जायची. पावसाळ्यात हेलिकॉप्टर समुद्रात पडल्याची बातमी कधी आली की घरात रेडिओ लागायचा नाही. पाऊस फार झाला की हेलिकॉप्टरं रद्द व्हायची आणि चौदाचे सोळा, सतरा दिवस व्हायचे. तेवढे दिवस आई वरणात मीठ विसरायची.

जुहूला प्रत्येकाला काट्यावर उभं करायचे, हे मला ऐकून ठाऊक होतं. माणसाचं वजन, मग त्याच्या बॅगेचं वजन, दोन्ही यादीत नावासमोर लिहायचे. बाबांनी त्या दिवशी त्यामागचं गणित समजावलं. हेलिकॉप्टर एकूण किती वजन उचलू शकतं हे ठरलेलं, त्यातच इंधन, त्यातच माणसं, त्यातच सामान. लांबच्या प्लॅटफॉर्मवर जायचं तर इंधन जास्त घ्यावं लागतं, मग एखादा माणूस कमी करावा लागतो. मे महिन्यातल्या भर दुपारी हवा विरळ असते, पाती तितकी पकड घेत नाहीत, म्हणून पुन्हा वजन कमी. “तू काय केलंस, टाकी तिप्पट मोठी लावलीस,” बाबा म्हणाले. “ते सगळं बळ टाकीच उचलण्यात गेलं.” ५०० एमएएच म्हणजे काय, हे मला त्या क्षणी खऱ्या अर्थाने समजलं. इतके दिवस तो एक आकडा होता.

आणि मला आईचा ताणकाटा आठवला.

पितळी तोंडाचा, खाली आकडा असलेला, वरच्या कडीला सुतळी बांधलेली. बाबांच्या जाण्याच्या आदल्या रात्री आई तो माजघराच्या दाराच्या वरच्या कडीला अडकवायची आणि बॅग लटकवायची. बॅग गोल गोल फिरायची, ती थांबेपर्यंत आई श्वास धरून काट्याकडे बघत राहायची. मग बॅग खाली उतरायची, काहीतरी बाहेर निघायचं, पुन्हा वर. लोणचं काचेच्या बरणीतून प्लॅस्टिकच्या डब्यात जायचं, कारण बरणीच अर्धा किलोची. डिंकाचे लाडू दहाचे आठ व्हायचे. साबणाची अख्खी वडी सुरीने अर्धी कापली जायची. बाबा म्हणायचे, “अगं, तिकडे जेवायला मिळतं मला, चांगलं मिळतं.” ते खरंच होतं, तिथल्या मेसमध्ये जेवण उत्तम असायचं. आई ऐकून घ्यायची आणि बाबांची घडी घातलेली दुसरी पँट काढून त्या जागी चिवड्याची पिशवी खोचायची. मी दाराशी बसून बॅटरी धरायचे, म्हणजे टॉर्च, कारण माजघरातल्या बल्बचा उजेड काट्यावर नीट पडायचा नाही. काटा थरथरत एका रेघेवर थांबला की आई म्हणायची, “बसलं.” तो शब्द ती फक्त तेव्हा आणि इडल्या फुगल्यावर वापरायची.

१९९० च्या दिवाळीत बाबांची पाळी समुद्रात आली. आईने ठरवलं की या वेळी एकट्यापुरतं पाठवायचं नाही, तिथल्या सगळ्यांना पुरेल एवढं पाठवायचं. अ‍ॅल्युमिनियमचा मोठा डबा, त्यात करंज्या, शंकरपाळे आणि थरावर थर चकल्या, मध्ये वर्तमानपत्राचे गोल कापलेले कागद. ताणकाट्यावर वजन जास्त भरलं. बाबांचा स्वेटर निघाला, चादर निघाली, दाढीचं सामान कोणाकडून तरी मागून घ्या म्हणून सांगितलं गेलं. चौदा दिवसांनी डबा रिकामा घरी आला. आईने विचारलं, काय म्हणाले सगळे? बाबा म्हणाले, “चकली सगळ्यांत आधी संपली.” त्यानंतर आई असेपर्यंत दर दिवाळीला आमच्याकडे चकलीची भाजणी दुप्पट व्हायची. बाबा निवृत्त झाल्यावरसुद्धा.

“तो डबा गेलाच नव्हता,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या दिवशी एक व्हॉल्व्ह तातडीने न्यायचा होता, चांगला जड. प्रत्येकाला सामान कमी करायला सांगितलं. कोणी पुस्तकं काढली, कोणी बूट. बाबांनी डबा काढला आणि सामान चढवणाऱ्या पोरांच्या हातात दिला. दिवाळीची ड्यूटी त्यांनाही होतीच. परतताना त्यांनी डबा घासून, पुसून ठेवला होता, आणि बाबांना बघून त्यांतला एकजण म्हणाला, साहेब, चकली सगळ्यांत आधी संपली. बाबांनी ते वाक्य तसंच्या तसं घरी आणलं. फक्त कोण म्हणालं, ते सांगितलं नाही.

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. आईने कमरेला पदर खोचून रात्री दोनपर्यंत चकल्या तळलेल्या मी पाहिल्यात, सोऱ्याने तिच्या हाताला आलेले फोड पाहिलेत. तिला हे कळायला हवं होतं, असं मला वाटलं. मग मी त्या दिवशीचे बाबा डोळ्यांपुढे आणले. काट्यासमोरची रांग, हातात यादी घेतलेला माणूस, बाहेर पाती फिरायला लागलेली, आणि स्वेटर-चादर आधीच घरी राहिलेली. त्यांच्या बॅगेत काढण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. चौदा दिवस ते समुद्रावरच्या वाऱ्यात स्वेटरशिवाय राहिले, हेही मला त्या दिवशीच कळलं. “सांगितलं असतं तर पुढच्या वेळी तिने डबा दिला नसता,” ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा उचलला. पेपर उलटा नव्हता, पण ते वाचत नव्हते. मी त्यापुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फुगलेली बॅटरी दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वाळू भरलेल्या कुंडीतून काढली, काचेच्या बरणीत घातली आणि चालत आमच्या ओळखीच्या सराफाकडे नेली. त्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या. आईचं नाव घेतल्यावर काटा पुढे सरकवला. ज्या तागडीवर आईच्या पाटल्या तोलल्या होत्या, तिथे ती फुगीर चंदेरी पुडी ठेवली. ४.६ ग्रॅम. मग ५०० एमएएचची, १३ ग्रॅम. मग अख्खं हेलिकॉप्टर, जुन्या बॅटरीसकट, ३८ ग्रॅम. म्हणजे मी त्याच्या अंगावर त्याच्याच वजनाचा पाचवा हिस्सा आणखी लादला होता. सराफाने तिन्ही आकडे पावतीच्या कागदावर लिहून दिले, सोन्याचं लिहितात तशाच वळणदार अक्षरात.

तो कागद दाखवल्यावर लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार प्रसन्न हसला. ड्रॉवरमधून त्याने दोन बॅटऱ्या काढल्या, दिसायला जुळ्या बहिणी. दोन्हींवर १५० एमएएच, दोन्हींवर ६५१७२३ छापलेलं. हा आकडा म्हणजे मापच, साडेसहा मिलिमीटर जाडी, सतरा रुंदी, तेवीस लांबी. एक कानातल्या ब्लूटूथची होती, दुसरी खेळण्याची. “पाणी दोन्ही हंड्यांत सारखंच,” तो म्हणाला, “पण हिचा नळ बारीक.” हेलिकॉप्टरला उडताना एकदम करंट लागतो. दीडशे एमएएच सात-आठ मिनिटांत रिकामं करायचं तर सरासरी सव्वा अँपिअर आला, आणि उचलताना त्याहून जास्त. ब्लूटूथची बॅटरी तेवढं द्यायला गेली तर तिचं व्होल्टेज कोसळतं, आतली संरक्षक पट्टी वीज तोडते, आणि हेलिकॉप्टर हवेतून खाली. बॅटरीवर सी असं अक्षर असतं ते याच्यासाठी. २० सी म्हणजे क्षमतेच्या वीसपट, दीडशेला तीन अँपिअरपर्यंत देऊ शकते. खेळण्याच्या बॅटरीवर ते छापलेलं होतं. त्याने ती छोट्या काट्यावर ठेवली, ४.४ ग्रॅम.

पिन जुळत नव्हती. तो म्हणाला, तारांच्या रंगावर जाऊ नका, काही ठिकाणी लाल-काळा उलटसुलट येतो, मीटर लावून प्लस कुठे आहे ते बघायचं. मग डाग द्यायला बसला. आधी एकच तार कापली, तिला डाग दिला, टेप गुंडाळली, आणि ती पूर्ण झाल्यावरच दुसऱ्या तारेला हात लावला. दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीच दोघींना जोडते आणि ठिणगी उडते. त्याची बोटं जाड होती, पण कथिलाचा थेंब ज्वारीच्या दाण्याएवढा, चकचकीत. शेवटी उरलेली तार त्याने बोटभर लांब होती ती अर्धी केली आणि जादा पिवळी टेप सोलून काढली. “ग्रॅमचा दहावा भाग वाचला,” असं म्हणाला. मला साबणाची कापलेली वडी दिसली. त्याला सांगायचं होतं, पण मागे पुन्हा पोरं उभी होती. या वेळी बरणीतून नेलेली जुनी बॅटरी त्यानेच ठेवून घेतली, त्यांच्याकडे ई-कचऱ्याची गाडी येते. आपल्यापैकी कितीतरीजण अशा बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात टाकतात. गाडीत कचरा दाबला जाताना ती चेपली की पेटते, आणि त्या गाडीवर माणसं लटकलेली असतात.

घरी पोचेस्तोवर पाऊस सुरू झाला होता, जूनचा पहिला. खिडक्या लावल्या. हे हेलिकॉप्टर टीव्हीच्या रिमोटसारखं इन्फ्रारेडवर चालतं, उन्हात त्याला दिसेनासं होतं, त्यामुळे बंद खोलीच बरी. चार्जिंगला पाऊण तास लागला. तेवढ्यात बाबांनी जुन्या वर्तमानपत्रावर स्केचपेनने एक मोठं वर्तुळ काढलं, त्यात ‘एच’, आणि तो कागद टेबलावर आपल्यासमोर चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवून अंथरला. वर्तुळ त्यांनी ताट ठेवून काढलं होतं, नीट गोल.

ओजसने दांडी हळू वर केली. आवाज झाला, पाती पारदर्शक झाली, आणि ते फरशीवरून सरळ वर आलं, न घसटता, न डगमगता. गुडघ्याएवढं, कमरेएवढं, मग माझ्या डोळ्यांसमोर. एक क्षण तिथेच थांबलं. पात्यांचा वारा तोंडावर आला. स्वयंपाकघराच्या दारात मी उभी होते, जिथे आई उभी राहायची, आणि मला तिला हाक मारावीशी वाटली.

दुसऱ्या फेरीआधी मोटर निवायला पंधरा मिनिटं थांबायचं होतं. ओजसने तेवढ्यात पायाला दोरा बांधला आणि दोऱ्याला एक शेंगदाणा. “आजोबा, चालेल एवढं?” बाबांनी शेंगदाणा तळहातावर घेतला, हात दोनदा वरखाली केला, आणि मान डोलावली. हेलिकॉप्टर सोफ्यापासून निघालं, थोडं कललं, सावरलं, दिव्याच्या खालून वळलं आणि टेबलावर आलं. ‘एच’वर बसताना एक पाय रेघेबाहेर पडला. पाती थांबेपर्यंत बाबा हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग पुढे वाकले, डोकं जरा खाली घालून, मोठ्या हेलिकॉप्टरजवळ जाताना वाकतात तसे, दोरा सोडवला आणि शेंगदाणा तोंडात टाकला.